भाचा म्हणतो, मावशी हे गाणं करू नकोस

पुण्यात बावीस वर्षं सुगम संगीताचा क्लास चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मराठवाड्यातल्या एका गावात पुराचं पाणी शिरलं. क्लासमधल्या एका विद्यार्थिनीचं ते माहेर. सगळ्यांनी मिळून मदतनिधीसाठी गाणं करायचं ठरवलं. ताईंच्या ओळखीतला, मालिकांमधून घरोघरी पोचलेला एक नट दोन ओळी म्हणायला तयार आहे, तेही मानधन न घेता. त्याच्या तारखा मिळाल्यात, त्याच्यासाठी कडव्याची पट्टी बदलली आहे, त्याचा कुर्तासुद्धा ठरला आहे. स्टुडिओ, संगीत संयोजन आणि व्हिडिओ मिळून १ लाख ८० हजार रुपये खर्च येईल आणि तो क्लासमधले पंचवीस जण वाटून घेणार आहेत. गाणं ‘गावरान’ भाषेत लिहून घेतलं आहे. सगळं जुळून आलेलं असताना इंग्लंडमधल्या लेस्टरला राहणारा भाचा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “मावशी, हे १९८४ सारखं झालं. इथे आता असल्या गाण्यांना लोक हसतात. नाव गाणाऱ्यांचं होतं. पैसे पाठव आणि गप्प बस.” ताई लिहितात, “आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गाण्याची लाज वाटली. करू की नको?”

ताई,

करा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. पण जे ठरलंय ते तसंच्या तसं करू नका. आणि भाच्यावर रागावू नका. त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे, फक्त ते ‘गप्प बस’ तेवढं सोडून द्या.

मी स्वतः एकदा असं गाणं गायले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून आम्ही कॉलेजची पोरं झोपलो होतो, उठलो ते या बातमीनेच. दोन दिवसांनी मदतफेरी काढली. चौघांनी चादरीची चार टोकं धरलेली, एकाच्या गळ्यात पट्ट्याने पेटी अडकवलेली आणि मागे आम्ही सगळे गात. चादरीवर नाणं पडलं की आवाज होत नाही, म्हणून लोक नोट टाकतात, असं आमचा म्होरक्या छातीठोकपणे सांगायचा. दोन तासांत चौदाशे रुपये आणि दोन पोती कपडे जमले. कपड्यांत नायलॉनच्या साड्या होत्या आणि कुणाच्या तरी लग्नातला थ्री-पीस सूट होता. ते सगळं आम्ही एका कार्यालयात नेऊन टाकलं आणि समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली.

त्या गाण्याची चाल मला आजही येते. चौदाशे रुपयांचं पुढे काय झालं ते माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. तो सूट आठवला की मात्र अजून कान गरम होतात.

आता भाच्याच्या १९८४ कडे येऊ. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीच्या बातम्यांत इथिओपियातल्या कोरेमची दृश्यं दाखवली गेली. बातमीदार मायकेल बर्क, कॅमेरा केनियाच्या मोहम्मद अमीन यांचा. हजारो उपाशी माणसं पहाटेच्या थंडीत उघड्या माळावर. ते पाहून बॉब गेल्डॉफ हा गायक अस्वस्थ झाला. त्याने मिज यूर या संगीतकाराला हाताशी धरून गाणं लिहिलं आणि २५ नोव्हेंबरच्या रविवारी ब्रिटनमधल्या त्या वेळच्या बड्या गायकांना लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या एका स्टुडिओत गोळा केलं. एका दिवसात ध्वनिमुद्रण उरकलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ‘बँड एड’ या नावाने जमलेल्या या गायकांची तबकडी दुकानात आली. एकट्या ब्रिटनमध्ये ३० लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि वर्षभरात सुमारे ८० लाख पौंड उभे राहिले. पाठोपाठ २८ जानेवारी १९८५ च्या रात्री अमेरिकेत ‘वी आर द वर्ल्ड’ हे तसंच गाणं झालं, त्यातून ६ कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. जुलैमध्ये लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी ‘लाइव्ह एड’ची महामैफल झाली.

हे सगळं ढोंग होतं का? अजिबात नाही. पैशांतून धान्य गेलं, औषधं गेली, मालवाहतुकीसाठी ट्रक विकत घेतले गेले. ‘ते पैसे बंडखोरांच्या बंदुकांवर गेले’ असं भाचा म्हणाला तर त्याला सांगा, २०१० मध्ये बीबीसीच्याच एका कार्यक्रमामुळे तसा समज पसरला होता आणि बँड एडचे पैसे शस्त्रांकडे वळल्याचा पुरावा नव्हता म्हणून बीबीसीने त्याच वर्षी जाहीर माफी मागितली. चेष्टा करणाऱ्यांना ही माफी सहसा आठवत नाही.

चूक गाण्याच्या आत होती. ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’, म्हणजे नाताळ आलाय हे तरी तिथल्या लोकांना ठाऊक असेल का, असा प्रश्न बँड एडच्या गाण्याच्या नावातच आहे. आता इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. इंग्लंडमधले बहुतेक लोक ख्रिस्ती व्हायच्या आधीपासून तिथे प्रार्थना चालते आणि त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. म्हणजे पंढरीच्या वारकऱ्याला ‘तुला एकादशी माहीत आहे का रे?’ असं विचारण्यातला प्रकार. शिवाय भूक काही आभाळातून पडली नव्हती. पाऊस पडला नव्हता हे खरंच, पण तिग्रे आणि एरिट्रियात युद्ध पेटलं होतं. मेंगिस्तूचं लष्करी सरकार उत्तरेतल्या लोकांना बळजबरीने उचलून दक्षिणेत नेऊन टाकत होतं. हे उघडपणे बोलल्याबद्दल ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच पथकाला डिसेंबर १९८५ मध्ये देशाबाहेर काढण्यात आलं. गाण्यात यातलं काहीच नाही. त्यात आहे फक्त कोरडी जमीन आणि वाट पाहणारे हात.

पैसे आले आणि खर्च झाले. चित्र मात्र राहून गेलं. व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेने २००२ च्या सुमारास अहवाल काढला, त्यात ८० टक्के ब्रिटिश लोकांच्या मनात गरीब देश म्हटलं की दुष्काळ, संकट आणि पाश्चात्त्यांची मदत एवढंच येत होतं. अहवालाच्या नावातच ‘लाइव्ह एडचा वारसा’ असे शब्द होते. २०१४ मध्ये इबोलासाठी तेच गाणं पुन्हा करायचं ठरलं तेव्हा घानाच्या वंशाच्या फ्यूज ओडीजी या ब्रिटिश गायकाने नकार दिला. त्याचं म्हणणं असं की असल्या चित्रामुळे आफ्रिकेत ना पर्यटक जातात ना गुंतवणूक. २०२४ मध्ये गाण्याला ४० वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती आली, तर गायक एड शीरनने सांगितलं की माझा २०१४ चा आवाज मला न विचारता वापरलाय आणि विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. तुमच्या भाच्याच्या कानावर आलेलं हसू ते हे.

लोकांना चीड गाण्याची नव्हती, ज्यांच्यासाठी ते गायलं गेलं त्यांना न विचारण्याची होती. आणि इथे, ताई, मी तुमचं पत्र परत वाचलं. नटाबद्दल पाच ओळी आहेत. तारखा, पट्टी, कुर्ता, सगळं आहे. ज्या विद्यार्थिनीचं ते माहेर, तिच्याबद्दल एक ओळ आहे. तिला काय वाटतं ते कुठेच नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही पाठवलेले शब्द. ‘समदं वाहून ग्येलं रं द्येवा’ अशी सुरुवात. ही भाषा त्या गावाची नाही, टीव्हीची आहे. मराठवाड्यातला माणूस ‘काय करायलास’, ‘कुठं जायलास’ असं बोलतो, त्याच्या बोलण्याला वेगळा हेल आहे. आपण शहरातले सगळं एकाच पोत्यात घालतो आणि वर ‘गावरान’ म्हणून चिकटवून देतो. हे फक्त आपणच करतो असंही नाही. ‘वी आर द वर्ल्ड’च्या रात्री गायक स्टीव्ही वंडरने गाण्यात स्वाहिली ओळ घालावी असं सुचवलं, त्यावर बराच वेळ वाद झाला आणि शेवटी लक्षात आणून दिलं गेलं की इथिओपियात स्वाहिली बोलतच नाहीत. त्याच रात्री दोन इथिओपियन बायका स्टुडिओत आल्या, त्यांनी गायकांचे आभार मानले आणि बडे बडे लोक रडले. मला या प्रसंगातलं रडणं खोटं वाटत नाही. पण त्या दोघींना माइकसमोर उभं करावं असं त्या खोलीत कुणाला सुचल्याचं दिसत नाही. त्याच वर्षी कॅमेरूनचे संगीतकार मनू दिबांगो यांनी आफ्रिकी गायकांना जमवून इथिओपियासाठी वेगळं गाणं केलं होतं. भाच्याला विचारून बघा, त्याने ऐकलंय का.

आणि ‘माझं वाहून गेलं’ असं प्रथमपुरुषी तुम्ही का गाताय? तुमचं काही वाहून गेलेलं नाही. कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर कोरड्या सतरंजीवर बसून ‘माझी भाकर वाहिली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कुठेतरी खटकतं, कुठे ते सांगता आलं नाही तरी. तुमच्या आवाजात, तुमच्या भाषेत, ‘आम्हाला कळलं, आम्ही ऐकतोय’ एवढंच गायलात तरी पुष्कळ आहे.

व्हिडिओतल्या रडणाऱ्या मुलाबद्दलही तुम्ही विचारलंय. संयोजक म्हणतो, एक तरी क्लोजअप हवाच. तो खोटं बोलत नाही, अशा चित्राने पैसे येतात. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातून दान द्यायला सांगितलं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट दिली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकडेवारीसाठी १.१४. गंमत पुढे आहे. रोकियाची गोष्ट आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तेव्हा दान १.४३ वर घसरलं. म्हणजे डोकं चालायला लागलं की हात आखडतो. कोणत्याही संयोजकाला हे पाठ असतं. पण त्या मुलाला उद्या शाळेत जायचंय. वर्गातल्या पोरांकडे तो व्हिडिओ असणार आणि पाच वर्षांनीही असणार. तुमच्या नातवाचा चिखलातला, नाक गळणारा चेहरा अनोळखी माणसांच्या मोबाइलवर फिरला तर चालेल का, एवढं स्वतःला विचारा. चेहरा हवाच असेल तर चिखल उपसणाऱ्या मोठ्या माणसाचा घ्या, त्याला विचारून, आणि व्हिडिओ बाहेर पडायच्या आधी त्याला दाखवून.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण चांगल्या चांगल्या गाण्यांचा पाय इथेच अडकला आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’मधले जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे अडीच लाख डॉलरच्या आसपास पैसे युनिसेफकडे लगेच गेले. पण धर्मादाय म्हणून करमाफीची व्यवस्था आधी केलेली नव्हती, त्यामुळे रेकॉर्डच्या विक्रीतली मोठी रक्कम अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकली. लांब कशाला, ‘ऐ मेरे वतन के लोगों’चंच बघा. २७ जानेवारी १९६३ ला लताबाईंनी ते दिल्लीत गायलं. कवी प्रदीप यांनी त्याची रॉयल्टी युद्धात पती गमावलेल्या महिलांच्या निधीला देऊन टाकली होती. ती थकबाकी मिळावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००५ मध्ये रेकॉर्ड कंपनीला १० लाख रुपये भरायला सांगण्यात आलं. चार दशकं! प्रत्येक २६ जानेवारीला आपण ते गाणं लावत होतो.

तेव्हा पहिला सूर लावायच्या आधी पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते ठरवा. तुमच्या स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर कोड व्हिडिओखाली टाकू नका, हेतू कितीही स्वच्छ असला तरी. क्लासच्या नावाने वर्गणी जमवायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१क ची परवानगी घ्यावी लागते. तुमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या खजिनदाराला विचारा, तो दरवर्षी घेतो, त्याला कुठला अर्ज, कुठल्या खिडकीत ते सगळं माहीत असतं. त्याहून सोपं म्हणजे त्या भागात आधीपासून काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधायची आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्यायचे. देणगीदाराला आयकरासाठी पावती लागणार असेल तर संस्थेकडे ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलतीची मान्यता आहे का ते पाहा आणि दोन हजारांच्या वरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत हे आधीच सांगून ठेवा. तुमचा भाचा आणि त्याचे लेस्टरचे मित्र पैसे पाठवणार असतील तर आणखी एक मेख आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो, पण ज्याने ब्रिटिश पासपोर्ट घेतलाय त्याची देणगी परदेशी धरली जाते, मग तो जन्माने सदाशिव पेठेतला का असेना. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. संस्थेला हे आधी विचारा, नंतर पैसे परत करत बसायला नको.

ढोल-ताशा पथकं, सोसायट्या आणि शाळांची गॅदरिंग मंडळं यांचीही अशी पत्रं येत असतात. त्यांनाही एवढंच, खातं आधी आणि पोस्टर नंतर.

नटाचं काय करायचं? येऊ दे की. चेहऱ्याने माणसं थांबतात, दोन-चार दिवस का होईना. पण थांबलेल्या माणसाला करायला काय द्यायचं, हे त्याच्या कुर्त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. आमिर खान यांच्या पानी फाउंडेशनची जलसंधारणाची स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढच्या वर्षी अजय-अतुल यांचं ‘तुफान आलंया’ गावोगाव वाजलं. त्या गाण्याने एक रुपया मागितला नाही, कुदळ-फावडं घेऊन या म्हणून सांगितलं. खोदलेल्या चरांत पाणी किती टिकलं यावर जाणकारांचे मतभेद आहेत आणि ते असावेतही. पण गाणारे, ऐकणारे आणि खोदणारे एकाच चित्रात होते. ब्रिटनमध्येही टिकलं ते गाणं नव्हे, तर त्याच लाटेतून १९८५ च्या नाताळात सुरू झालेलं ‘कॉमिक रिलीफ’. लाल नाक लावून शाळकरी पोरांपासून सगळे पैसे जमवतात, सवय म्हणून, सण म्हणून. तीस वर्षांत त्यांनी १०० कोटी पौंडांचा टप्पा ओलांडला.

यावरून मला तुमच्या १ लाख ८० हजारांचा हिशोब सुचला. पंचवीस जणांनी महिन्याला ३०० रुपये काढले तर महिन्याचे ७,५०० होतात. दोन वर्षांत बरोबर १ लाख ८० हजार. पुराची बातमी आठ दिवसांत विरते. त्यानंतरच खरी गरज लागते, खरवडून गेलेल्या शेतात माती भरायला, पोरांच्या वह्यांना, दुसऱ्या पेरणीच्या बियाण्याला. मग स्टुडिओ कशाला? क्लासमध्येच पेटी-तबल्यावर एका बैठकीत गा, कुणाचा तरी चांगला फोन स्टँडवर लावा आणि खर्च तीन-चार हजारांत बसवा. मंद्रातला एखादा सूर हलला तरी चालेल. तुमच्या गाण्याला किती व्ह्यूज मिळाले याने स्वतःला मोजू नका. दर महिन्याच्या पाच तारखेला पंचवीसपैकी किती जणांचे ३०० जमा झाले, तो आकडा क्लासच्या फळ्यावर लिहा. दहाव्या महिन्यात तो चौदावर आलेला असेल. येतोच. तेव्हा ते गाणं पुन्हा एकदा बसून म्हणा, त्याचा खरा उपयोग त्या दिवशी आहे.

भाच्याने ‘पैसे पाठव आणि गप्प बस’ म्हटलं ते मला मुळीच पटलेलं नाही. तुम्ही गाणाऱ्या बाई आहात. शेजारी दुःख झालं तर तुम्ही गाणारच, सुतार असता तर दार ठोकून दिलं असतंत. लाज वाटावी असं त्यात काही नाही. मला तर चादर धरल्याचीही लाज वाटत नाही, मिसळ खाऊन विसरल्याची वाटते.

तर उद्या क्लास सुटल्यावर त्या विद्यार्थिनीला थांबवून घ्या. चहा द्या. गावात काय हवंय ते तिच्यासमोरच फोन लावून विचारा. पहिल्या फोनला लोक ‘काही नको, तुम्ही विचारलंत यातच आलं’ म्हणतात, म्हणून तीन दिवसांनी परत लावा. आणि तिथल्या भजनी मंडळाची चौकशी करा. गाव आहे म्हणजे मंडळ असणारच. पुराच्या पाण्यात भिजलेल्या पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, गेलेली असते, ती ताणून धरणारी वादी सैल होते, शाई सुटते. शासनाच्या पंचनाम्यात घर असतं, जनावर असतं, धान्य असतं. पखवाज धरलेला मी तरी पाहिलेला नाही. तुमच्या क्लासला तबला नीट करून देणारा जो कारागीर आहे तो पखवाजाच्या पुड्याही चढवतो का, ते मला ठाऊक नाही. त्याला विचारून कळवाल का?